झाडाखालच्या उघड्या मातीत ब्राह्मी: खान्देशातल्या परसबागेसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक परसात एखादी तरी जागा अशी असते की तिथे काहीच टिकत नाही. आंब्याखालची, चिकूखालची, नाहीतर दोन घरांमधल्या बोळातली. लॉन लावलं तर सावलीत विरळ होत जातं, गुलाब-झेंडूला ऊन पुरत नाही, आणि मोकळी सोडली तर उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. अशा जागेसाठी आपल्याच देशातली, बारमाही हिरवी आणि जमिनीलगत पसरणारी वनस्पती विचाराल तर मी पहिलं नाव गोल पानाच्या ब्राह्मीचं घेईन. आयुर्वेदात तिला मंडूकपर्णी म्हणतात, काही ठिकाणी कारिवणा किंवा एकपानीही.

ब्राह्मीला सावली मानवते हे सगळेच सांगतात. म्हणून लोक ती सावलीत लावतात आणि निर्धास्त होतात. मग आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, पारा ४४-४५ वर जातो, आणि सावलीतलीच ब्राह्मी कडेनं करपायला लागते. आपल्याकडे तिचा घात नुसतं ऊन करत नाही. दुपारनंतर पश्चिमेकडून सुटणारा कोरडा वारा आणि भेगाळलेली माती हे खरे वैरी. तेव्हा जागा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून निवडायची आणि लागवड पावसाळ्यात करायची. बाकीची सगळी कृती याच एका हिशेबावर चालते.

रोप घेताना

नर्सरीत नुसतं ‘ब्राह्मी द्या’ म्हटलं तर तीनपैकी काहीही हातात पडू शकतं, म्हणून पान पाहून घ्या. आपल्याला हवी ती घोड्याच्या नालेसारख्या आकाराची: देठ जिथे जोडलेला तिथे पानाला खाच, कडेला बोथट कातरे, आणि प्रत्येक पान आपापल्या लांब देठावर उभं. ही कोथिंबीर आणि गाजराच्या कुळातली. पान चुरगळलं की गाजराच्या पाल्यासारखा हलका वास येतो.

दुसरी नीरब्राह्मी. तिची पानं बारकी, जाडसर, चमच्यासारखी, समोरासमोर लागलेली, आणि फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. तीही आपलीच, पण तिला ऊन आणि चिखल दोन्ही लागतात. झाडाखाली ती लांबट आणि विरळ होते. तिसरी बाहेरून आलेली शोभेची पाणवनस्पती. तिचं पान पूर्ण गोल, छत्रीसारखं, आणि देठ बरोबर मधोमध. ही बागेत घुसली की काढता काढता नाकी नऊ येतात. खायच्या हेतूनं तर ती अजिबात नको.

एक-दोन कुंड्या पुरतात, कारण तिथून पुढे ती स्वतःच वाढते. ओळखीच्या घरी असेल तर तेही नको, मूठभर धावत्या फांद्या मागून आणा. सातपुड्यातल्या ओढ्याकाठी फिरताना दिसली तरी तिथली उपटू नका. यावलसारख्या अभयारण्यातून वनस्पती काढणं कायद्यानं गुन्हाच आहे, आणि शेजारच्या अंगणात फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी जंगल ओरबाडायचं कशाला?

जागा: सावली कोणत्या महिन्यातली?

इथे थोडा वेळ घालवा. बहुतेक लोक हिवाळ्यात, बागेत बसायला बरं वाटतं तेव्हा, जागा ठरवतात. त्या वेळी सूर्य दक्षिणेकडून जातो आणि घराच्या उत्तरेला दिवसभर गार सावली असते. साहजिकच वाटतं की हीच जागा.

पण जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो, मधल्या काळात तर दुपारीसुद्धा तो किंचित उत्तरेला असतो. मे महिन्यात तो ईशान्येकडे झुकून उगवतो आणि वायव्येकडे झुकून मावळतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये ज्या उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नाही, तिच्या पायथ्याशी मे महिन्यात दुपारी अडीच-तीननंतर ऊन उतरतं, आणि तेही दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या वेळी.

पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी साडेबारानंतर घराची सावली पडू लागते. पश्चिमेला मधे मोठं झाड नसेल तर ब्राह्मीचा विचार सोडा. तिथे भिंतही तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. उत्तरेला चालेल, पण वायव्येकडून आडोसा हवा.

तपासणी सोपी आहे. मेमधल्या एखाद्या दिवशी दुपारी एक, तीन आणि पाच वाजता त्या जागेवर जा आणि ऊन जिथवर आलंय तिथे चुन्याच्या फक्कीची रेघ मारा. तिन्ही वेळा सावलीत राहिला तो तुकडा ब्राह्मीचा. पावसाळ्यात हे वाचत असाल तरी हरकत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची वाट मेच्या पहिल्या आठवड्यासारखीच असते, फक्त आभाळ मोकळं असलेला दिवस गाठा.

झाडाखाली लावायची असेल तर झाड कोणतं हेही पाहा. केळी सगळ्यात उत्तम: तिला आपण पाणी देतोच, आणि तिच्या रुंद पानांखाली हवा दमट राहते. रावेर-यावलकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. केळीच्या बागेत शिरलं की बाहेरच्यापेक्षा गार लागतंच. पपई आणि शेवग्याची सावली चाळणीसारखी, तीही चालते. आंबा आणि चिकूखाली अगदी खोडाजवळ फार अंधार असतो, तिथे पानं मोजकीच येतात; फांद्यांच्या टोकाखालचा पट्टा निवडा. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, पण ऊन खरं तापेपर्यंत नवी पालवी येते, म्हणून तोही चालतो, मात्र गळलेली पानं वेळच्या वेळी झाडून काढावी लागतात. बंगली बदामाखाली लावू नका. त्याची ताटाएवढी पानं पडली की खालच्या ब्राह्मीला उजेडच मिळत नाही.

आणि जिथे नळी पोचत नाही आणि उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नसतं, अशा कोरड्या सावलीत ब्राह्मी लावूच नका. तिथे पालापाचोळा पसरून जमीन झाकलेली बरी.

माती

आपली काळी माती कसदार खरी, पण ब्राह्मीच्या दृष्टीनं तिच्यात दोन खोडी आहेत. पावसाळ्यात ती चिकट होऊन हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ब्राह्मीची मुळं वरच्या तीन-चार इंचांतच असतात. भेग पडली की ती मुळं अक्षरशः तुटतात, आणि आपण म्हणतो पाणी घालूनही वाळली.

म्हणून मूळ मातीवर वेगळा थर द्यायचा. दोन घमेली पोयटा किंवा गाळाची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं जाडसर वाळू हे मिश्रण करा आणि मोकळ्या जागेत सहा इंच भरा. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळून भागवायला जाऊ नका, ती सुकल्यावर आणखी टणक होते. शेणखत काळं-भुरभुरीत, शेणाचा वास न येणारं असावं. अर्धकच्च्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि उधई, म्हणजे वाळवीही लागते.

झाडाखाली मात्र खणायचं नाही. खुरप्यानं वरची दोन बोटं माती हलवा, हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी निवडून काढा आणि वर तीन-चार इंचांचाच थर द्या. खोडाभोवतीचा हात-दीड हात भाग उघडा ठेवा, कारण खोडाला ओली माती टेकून राहिली तर साल कुजते.

हरळी-लव्हाळ्याचं काम कंटाळवाणं आहे, पण ते उरकून टाकायचं नाही. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी ती ब्राह्मीच्या जाळीतून वर येते, आणि मग ती उपटताना बरोबर ब्राह्मीही निघते. जमलं तर मे महिन्यात जागा भिजवा, लव्हाळा उगवू द्या, गाठीसकट खणून काढा, आणि हेच पुन्हा एकदा करा. लागवडीनंतर जी निंदणी करावी लागते तिच्या निम्मी तरी इथेच वाचते.

वाफ्याच्या कडेला विटा उभ्या गाडून घ्या. ब्राह्मी फरशीवरूनही चालत जाते.

रोपं तयार करणं

बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका, ते सावकाश आणि बेभरवशाचं उगवतं. धावत्या फांद्यांचं काम खात्रीचं.

मातृरोपाची एक फांदी हलकेच उचलून पाहा. दोऱ्याएवढी बारीक, लालसर झाक असलेली, जमिनीवरून सरपटत गेलेली दिसेल. दर दोन-तीन इंचांवर तिला पेर असतं. पेराच्या वरच्या अंगाला दोन-तीन पानांचा झुबका, खालच्या अंगाला पांढऱ्या मुळांची शेंडी. कधी कधी पानांच्या बुडाशी, जवळजवळ मातीत लपलेली, गुलाबीसर फुलं दिसतात. इतकी बारीक की वाकल्याशिवाय नजरेस पडत नाहीत. मुळं फुटलेली दोन-तीन पेरं ठेवून फांदी कात्रीनं कापा. मोठी पानं अर्ध्या देठावर छाटा, कोवळं पान तसंच ठेवा.

हे तुकडे लगेच जमिनीत लावता येतात, पण मी आधी ट्रेमध्ये किंवा चहाच्या कागदी कपांत लावायला सांगेन. अर्धं कोकोपीट, अर्धं चाळलेलं गांडूळखत. पेर मातीला टेकलं पाहिजे, मातीत पुरलं जायला नको. वर उचललं जात असेल तर केरसुणीची काडी दुमडून आकड्यासारखी खोचा. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडलं की दोन आठवड्यांत तुकडा जीव धरतो. हलक्या हातानं ओढून पाहा. ओढ जाणवली की मुळं बसली.

किती रोपं लागतील? सहा इंचांवर एक धरलं तर चौरस फुटाला चार. दहा बाय चार फुटांच्या वाफ्याला १६० रोपं, म्हणजे तेवढी विकत घ्यायची असतील तर खिसा हलका होतो. नऊ इंच अंतर ठेवलं तर सत्तरेक रोपांत काम होतं, फक्त भरून यायला महिनाभर जास्त लागतो आणि तोवर तण काढत राहावं लागतं. घाई नसेल तर एका टोकाला चार चौरस फूट लावा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच उरलेला वाफा भरा.

लागवड

मृगाच्या पहिल्या सरीवर भाळून लावायला धावू नका. पहिल्या पावसानंतर जमीन उलट वाफ सोडते आणि कित्येकदा मग पंधरा दिवस आभाळ कोरडं राहतं. आर्द्रात, जूनचा शेवटचा आठवडा ते जुलै, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत गार झाली की लावा. कानबाईच्या सणाच्या सुमारास, श्रावणात, वाफा बराचसा भरलेला दिसतो.

पावसाळा हुकला तर ऑक्टोबरच्या उन्हात लावू नका. थंडीत ती जवळजवळ थांबते. धुळ्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की पानं लहान येतात आणि कडेनं लालसर होतात. हा रोग नव्हे, फेब्रुवारीत नवी पानं येतात. पण फेब्रुवारीत लावलेलं रोप मुळं पसरायच्या आत उन्हाळ्याच्या तोंडी जातं, म्हणून तोही मुहूर्त टाळा. तोवर रोपं कुंडीत वाढवत राहा.

लावताना ओळी एकमेकींआड ठेवा, म्हणजे मोकळ्या जागा सारख्या भरतात. संध्याकाळी लावा, बोटांनी कडेची माती दाबा आणि झारीनं पाणी द्या. पाइपाच्या जोरदार धारेनं पेरं उघडी पडतात. रोपांच्या मधे केळीची वाळलेली पानं बारीक चिरून किंवा गव्हाचा भुसा बोटभर जाडीनं पसरा. पुढे फांद्या धावू लागल्या की आच्छादन बाजूला सारा, नाहीतर पेरांना माती सापडत नाही. मोकळ्या जागेकडे एखादी फांदी बोटानं वळवून ठेवली की पुढचं ती बघते.

जाण्या-येण्याची वाट असेल तर पावलाच्या अंतरावर शहाबादी फरशीचे तुकडे बसवा. कधीतरी पाय पडला तर ब्राह्मी सावरते, रोजची रहदारी मात्र तिला सोसत नाही.

पाणी, आणि कोणतं पाणी

नियम एवढाच की माती ओलसर राहिली पाहिजे, चिखल व्हायला नको. बोट दोन पेरं खुपसून पाहा. गार आणि दमट लागलं तर त्या दिवशी पाणी नको. पावसाळ्यात बहुतेक देणं लागत नाही, थंडीत तीन-चार दिवसांनी पुरतं. मार्चपासून रोज, आणि एप्रिल-मेमध्ये तेच पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून. सावलीतल्या चौरस मीटरला उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर धरा.

ठिबक आपल्याकडे घरोघरी असतं. शेतातली जुनी १६ मिलिमीटरची इनलाइन नळी धुऊन दीड फुटाच्या अंतरानं अंथरली की झालं. नळी पानांखाली दडते, भांडं-बादलीची कटकट संपते. आठवड्यातून एकदा मात्र सगळे ड्रिपर चालतात का ते बघा. क्षारानं एक बंद पडला की त्या जागी परातीएवढा वाळलेला गोल उमटतो.

पाण्याच्या प्रतीकडे मात्र कोणी बघत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मातीवर पांढरा थर येतो. त्यावर पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी सोडून क्षार खाली उतरवायचे, तेही निचरा चांगला असेल तरच. उन्हाळ्यात कूलर रिकामा करताना ते पाणी झाडांना घालायची सवय असते. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीच्या तळाचं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसंच. ही दोन्ही पाणी ब्राह्मीला नकोत, अंगण धुवायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नको, निदान पानं खायची असतील तर नक्कीच नको.

एप्रिल-मे

मार्चच्या शेवटी पश्चिम आणि वायव्य बाजूला आडोसा उभा करा. तुराट्यांचा कूड सगळ्यात छान: वारा अडतो पण कोंडत नाही. नसेल तर ५० टक्क्यांची हिरवी जाळी पडद्यासारखी उभी बांधा. पुष्कळ जण ती छपरासारखी वर ताणतात आणि बाजूनं येणारी झळ तशीच आत शिरते. कडाक्याच्या आठवड्यात कुडाला ओलं गोणपाट टांगलं तर आतली हवा गार राहते, कूलरच्या गवताच्या जाळीचं काम तेच तर असतं.

मार्चनंतर छाटणी बंद, खतही बंद. या दिवसांत पानं देठावर माना टाकतात. दुपारी चारला मान टाकलेली आणि सकाळी सातला ताठ असेल तर काळजी नको. सकाळीही माना खालीच असतील तर पाणी खरंच कमी पडतंय. वरची पानं पार गेली तरी उपटून टाकू नका. पेरं जिवंत असतील तर पहिल्या पावसात पुन्हा फुटतात, नखानं फांदी खरवडून आत हिरवं दिसतं का पाहा.

देखभाल आणि दुखणी

कापणीनंतर चाळलेलं गांडूळखत अर्धा इंच भुरभुरा आणि पानांवरचं हातानं झटकून खाली पाडा. महिन्यातून एकदा दहापट पाण्यात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण). युरिया नको; पानं मोठी होतात पण लिबलिबीत, आणि उन्हाळ्यात तीच आधी जातात.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला तर ती बहुतेक लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात द्या. सगळंच पान पिवळं आणि देठ मऊ असेल तर लोहाला दोष देऊ नका, तिथे पाणी साचतंय.

पावसाळ्यात गोगलगायी येतात. संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या उचला. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी समजा; पानांखालून पाण्याचा फवारा मारला की जोर कमी होतो. खायच्या वाफ्यात रासायनिक फवारणीची गरज मला तरी वाटत नाही.

‘साप येतील’ ही शंका हमखास निघते. दाट गचपण झालं तर बेडूक येतील आणि त्यांच्या मागे तेही येऊ शकतात, हे खोटं नाही. म्हणून दाराजवळचा आणि मोरीजवळचा वाफा चार बोटांपेक्षा उंच होऊ देऊ नका, आणि अंधारात त्यात हात घालू नका.

कापणी

लागवडीनंतर तीनेक महिन्यांनी, दसऱ्याच्या आसपास, पहिली कापणी होते. देठ बुडापासून दोन बोटं ठेवून कात्रीनं कापा, सरपटत्या फांद्यांना धक्का लावू नका. अर्धा वाफा आज, अर्धा तीन आठवड्यांनी, म्हणजे जमीन उघडी पडत नाही. नुसती शोभेसाठी लावली असेल तरी वर्षातून दोनदा कापाच. फांद्यांवर फांद्या चढून जाड गादी झाली की ती आतून कुजते.

चटणीला मूठभर कोवळी पानं, तव्यावर भाजलेल्या दोन-तीन हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ आणि पानांच्या दुप्पट भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यात हात आखडला तर कडू लागते. पानं दोन-तीन पाण्यांतून धुवा, ती जमिनीला टेकून वाढतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर ही चटणी झकास जमते. चवीपुरती खाणं वेगळं आणि औषध म्हणून रोज रस पिणं वेगळं. गरोदर बायांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि नियमित गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस सुरू करू नये.

दोन वर्षांनी वाफा मधून विरळ होऊ लागतो. तेव्हा आर्द्रात एक हात रुंदीचे पट्टे एकाआड एक खुरप्यानं उचला, मोकळ्या पट्ट्यात शेणखत मिसळा आणि उचललेल्यातली ताजी, मुळं धरलेली पेरं तिथेच पुन्हा लावा. उरलेले पट्टे पुढच्या वर्षी. निघालेली जास्तीची रोपं कागदी कपांत लावून ठेवा, मागणारे भेटतातच.